‘जत’ शोधताना ‘वाजता’ नको: संकेतस्थळाच्या शोधात पूर्ण शब्दच जुळवण्याची रीत

सांगलीतल्या एका वाचनालयाच्या संकेतस्थळाचे काम माझ्याकडे आले, तेव्हा त्यावर व्याख्याने, ग्रंथप्रदर्शने आणि वार्षिक सभांच्या अनेक वर्षांच्या सूचना चढवलेल्या होत्या. जत तालुक्यातल्या एका शिक्षकांना आपल्या भागातल्या कार्यक्रमांची माहिती हवी होती. त्यांनी शोधचौकटीत ‘जत’ लिहिले आणि जवळजवळ सगळ्याच सूचना समोर आल्या, कारण प्रत्येक सूचनेत ‘सायंकाळी सहा वाजता’ असे काहीतरी होतेच आणि ‘वाजता’ या शब्दाच्या पोटात ज आणि त शेजारी शेजारी बसलेले आहेत. त्यात ‘जतन’ आणि ‘रजत’ यांचीही भर पडली होती. शेजारच्या सातारा जिल्ह्यात कोणी ‘वाई’ शोधले तर कारवाई, हवाई आणि वाईट हे शब्द हाती लागतात, आणि ‘माण’ तालुका शोधणाऱ्यापुढे प्रमाणपत्रे आणि माणसे येऊन उभी राहतात. गावांची आणि तालुक्यांची नावे आपल्याकडे इतकी आखूड आहेत की मराठी संकेतस्थळावर ही अडचण केव्हा ना केव्हा येतेच.

ज्यांच्या हाती एखादे लहान किंवा मध्यम संकेतस्थळ आहे आणि ज्यांना त्याच्या शोधाच्या प्रोग्राममध्ये हात घालता येतो, त्यांच्यासाठी पुढची रीत लिहिली आहे. इंग्रजी मजकुरासाठी हे काम एका ओळीत होते. मराठीत ती ओळ चालत नाही, आणि ती का चालत नाही हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्ती टिकत नाही, म्हणून आधी कारणांकडे वळतो.

शोध असा का वागतो

बहुतेक साध्या संकेतस्थळांचा शोध एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतल्या ‘लाइक’ या तुलनेवर चालतो आणि वाचकाने लिहिलेल्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना टक्क्याचे चिन्ह लावले जाते. त्या चिन्हाचा अर्थ ‘येथे काहीही चालेल’ असा असतो. वर्डप्रेसचा मूळ शोधही शीर्षक, सारांश आणि मुख्य मजकूर या रकान्यांत असाच पाहतो. वर्डप्रेसमध्ये ‘एक्झॅक्ट’ नावाची एक सोय आहे आणि नावावरून ती आपल्या उपयोगाची वाटते; पण ती टक्क्याची चिन्हे काढून टाकते, म्हणजे संपूर्ण शीर्षक किंवा संपूर्ण मजकूर नेमका ‘जत’ एवढाच असेल तरच जुळणी होते. पूर्ण शब्दाची जुळणी हवी असेल तर ‘पोस्ट्स_सर्च’ हा फिल्टर वापरून मूळ अट बदलावी लागते.

पहिला उपाय म्हणून अनेकजण शब्दाच्या आधी आणि नंतर एकेक मोकळी जागा जोडतात. मग ओळीच्या सुरुवातीचा ‘जत’ सुटतो, स्वल्पविराम लागलेला ‘जत,’ सुटतो, कंसातला सुटतो आणि अवतरणचिन्हातलाही सुटतो. ‘सांगली-मिरज-कुपवाड’ या १९९८ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या नावातले ‘मिरज’ तर या रीतीने कधीच सापडणार नाही. त्यामुळे मोकळ्या जागेऐवजी सीमेचा विचार करावा लागतो.

शब्दाची सीमा यंत्राला कशी कळते

रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातला नमुना शोधण्याच्या सूत्रात, ‘बॅकस्लॅश बी’ ही खूण शब्दाची सीमा दाखवते. जिथे एका बाजूला शब्दात बसणारे चिन्ह आणि दुसऱ्या बाजूला शब्दात न बसणारे चिन्ह असते, तिथे सीमा मानली जाते. सारा प्रश्न असा की शब्दात बसणारी चिन्हे कोणती, हे त्या त्या प्रोग्रामिंग भाषेने स्वतःपुरते ठरवून ठेवलेले आहे.

जावास्क्रिप्टमध्ये या व्याख्येत फक्त रोमन अक्षरे, इंग्रजी अंक आणि अधोरेषा येतात. युनिकोडची, म्हणजे सर्व लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीची, खूण लावली तरी देवनागरी अक्षरे तिच्या बाहेरच राहतात. त्यामुळे मोकळी जागा आणि ज यांच्यामध्ये जावास्क्रिप्टला सीमाच दिसत नाही आणि ‘बॅकस्लॅश बी, जत, बॅकस्लॅश बी’ असा शोध केला की निकाल शून्य येतो. ही चूक निदान लगेच लक्षात येते.

पायथनमधली चूक अधिक फसवी आहे. त्याच्या मूळ ‘आरई’ मॉड्यूलला देवनागरीतली क, ख, ग ही अक्षरे शब्दाचा भाग वाटतात, पण काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह वाटत नाहीत, कारण युनिकोडने त्यांना अक्षरांच्या वर्गात न ठेवता ‘मार्क’ या वेगळ्या वर्गात ठेवले आहे. याचा परिणाम ‘वाजता’ या शब्दावर पाहावा. यंत्राच्या दृष्टीने तो व, काना, ज, त, काना असा पाच चिन्हांचा आहे. पहिला काना शब्दाबाहेरचा ठरल्याने त्याच्यानंतर सीमा, आणि शेवटचा काना शब्दाबाहेरचा ठरल्याने त्याच्याआधी सीमा. मधले ‘जत’ सुटा शब्द म्हणून सापडते. म्हणजे पूर्ण शब्दाची अट घालूनही आपण होतो तिथेच राहतो. ‘सांगली’चे तर याहून वाईट होते. शेवटची वेलांटी शब्दाबाहेरची आणि तिच्यापुढची मोकळी जागाही शब्दाबाहेरची, त्यामुळे ‘सांगली शहर’मध्ये सीमा सापडत नाही; मात्र ‘सांगलीत’मध्ये वेलांटीपुढे त येतो, तिथे सीमा सापडते आणि जुळणी होते. हवे ते सुटते आणि नको ते येते. पीएचपीमध्ये युनिकोडची खूण लावूनही अनेक आवृत्त्यांत मात्रांची हीच गत होते. ज्याने चाचणीसाठी फक्त ‘वाई’ आणि ‘कारवाई’ ही जोडी घेतली, त्याला या दोषाचा पत्ताही लागत नाही, कारण तिथे व च्या आधी र हे अक्षर आहे, मात्रा नाही. म्हणून चाचणीचे शब्द निवडतानाच मात्रा दोन्ही टोकांना येतील असे निवडावेत.

उपाय असा की ‘बॅकस्लॅश बी’ सोडून द्यावी आणि सीमा स्वतः लिहावी. शोधशब्दाच्या लगेच आधी लेटर, मार्क किंवा नंबर या तीन युनिकोड वर्गांपैकी कोणतेही चिन्ह नसावे, आणि लगेच नंतरही नसावे, अशा दोन नकारार्थी अटी घालाव्यात. रेग्युलर एक्स्प्रेशनच्या परिभाषेत त्यांना लुकबिहाइंड आणि लुकअहेड म्हणतात. जावास्क्रिप्टमध्ये हे दोन्ही, युनिकोड वर्गांसह, २०१८ च्या मानकापासून उपलब्ध आहे. सफारी ब्राउझरमध्ये मात्र लुकबिहाइंड २०२३ साली १६.४ या आवृत्तीत आले, त्यामुळे जुने आयफोन वापरणारे वाचक असतील तर ही जुळणी सर्व्हरवर करावी. पीएचपीत हे तसेच चालते. पायथनच्या मूळ मॉड्यूलमध्ये युनिकोड वर्ग लिहिता येत नाहीत, म्हणून तिथे ‘रेजेक्स’ हे स्वतंत्र मॉड्यूल बसवून घ्यावे.

वर्गांऐवजी देवनागरीचा सलग पट्टा, म्हणजे ०९०० ते ०९७एफ ही १२८ स्थाने, लिहून टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. दंड आणि दुहेरी दंड ही विरामचिन्हे त्याच पट्ट्यात आहेत आणि अभंग, ओव्या किंवा जुने गद्य चढवलेले असेल तर ओळीच्या शेवटचा शब्द दंडाला चिकटून एकच मानला जातो.

वाचकाने लिहिलेला मजकूर रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये घालण्याआधी त्यातली बिंदू, तारांकन, कंस, प्रश्नचिन्ह यांसारखी विशेष चिन्हे निष्प्रभ करून घ्यावीत, आणि डेटाबेसकडे तो नेहमी पॅरामीटर म्हणूनच, म्हणजे आज्ञेपासून वेगळा, पाठवावा. यात कुठेही सवलत घेऊ नये.

जुळवण्याआधी मजकूर एकसारखा करणे

मराठीत एकच दिसणारा शब्द दोन प्रकारे टंकित झालेला असू शकतो. सर्वांत मोठा प्रश्न अर्ध्या चंद्रासारख्या दिसणाऱ्या र चा आहे. ‘शेतकऱ्यांना’ लिहिताना काही कळफलक ०९३१ या स्थानावरचा ऱ आणि हलन्तचिन्ह वापरतात, तर काही साधा र, हलन्तचिन्ह आणि त्यानंतर ‘झिरो विड्थ जॉइनर’ हे न दिसणारे चिन्ह वापरतात. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. युनिकोडचे ‘एनएफसी’ हे प्रमाणीकरण येथे पुरत नाही. ते र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) यांचा ऱ करते, पण जॉइनरच्या वाटेला जात नाही. म्हणून आपणच नियम लिहावा: साधा र, हलन्तचिन्ह आणि जॉइनर ही तिकडी दिसली की तिच्या जागी ऱ आणि हलन्तचिन्ह ठेवावे. त्यानंतरच उरलेले जॉइनर आणि नॉन-जॉइनर काढून टाकावेत. हा क्रम उलटा झाला तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो आणि डोंगरातल्या दऱ्या शोधणाऱ्याला समुद्र सापडतो. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ यांचेही तेच.

दुसरे अक्षर ॲ. त्याला युनिकोडमध्ये ०९७२ हे स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले. त्याआधीच्या मजकुरात ते अ आणि चंद्र मिळून केलेले असते किंवा त्याऐवजी ऍ वापरलेला असतो. तिन्हींचा एकच ॲ करावा. देवनागरी आणि इंग्रजी अंकही एकाच रूपात आणावेत, म्हणजे ‘१९९८’ शोधणाऱ्याला दोन्ही प्रकारे लिहिलेले वर्ष सापडेल.

विसर्गाच्या जागी इंग्रजी अपूर्णविराम टंकित करण्याची सवय फार पसरलेली आहे. तसा ‘दु:ख’ हा शब्द सीमेच्या नियमाने दोन तुकड्यांत फुटतो. प्रत्येक अपूर्णविरामाचा सरसकट विसर्ग केला तर ‘स्थळ:सभागृह’ अशा ओळी बिघडतात, म्हणून दुःख, अंतःकरण, निःशुल्क, स्वतः अशा शब्दांची छोटी यादी करून तेवढ्यांचीच दुरुस्ती करावी. न तुटणारी मोकळी जागा साध्या मोकळ्या जागेत बदलावी आणि एचटीएमएलचे टॅग काढून टाकावेत. जुना मजकूर श्रीलिपीसारख्या युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असेल तर तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित केल्याशिवाय यातले काहीच लागू पडत नाही.

हे सारे संस्कार केलेला मजकूर मूळ मजकुराशेजारी वेगळ्या रकान्यात साठवावा आणि शोधशब्दावरही जुळवण्याआधी तेच संस्कार त्याच क्रमाने करावेत. मूळ मजकुराला हात लावू नये. लेखकाने जे लिहिले तेच वाचकाला दिसले पाहिजे.

डेटाबेसच्या पातळीवर

मायएसक्यूएल या डेटाबेसच्या ८.०.४ या आवृत्तीपासून रेग्युलर एक्स्प्रेशनसाठी आयसीयू ही लायब्ररी वापरली जाते आणि तिच्यात सीमा ठरवताना मात्रांसारख्या जोडचिन्हांना स्वतंत्र गणले जात नाही. म्हणून तिथे ‘बॅकस्लॅश बी’ वापरली तरी ‘वाजता’मधला ‘जत’ सापडत नाही. फक्त अवतरणात बॅकस्लॅश दोनदा लिहावा लागतो. मारियाडीबीची लायब्ररी वेगळी, पीसीआरई, आहे. तिथे हे गृहीत न धरता वर सांगितलेल्या स्पष्ट अटी लिहाव्यात. अशा शोधाला अनुक्रमणिकेचा (इंडेक्सचा) उपयोग होत नाही, प्रत्येक नोंद वाचली जाते. काही हजार नोंदींच्या वाचनालयाला ते परवडते. ‘लाइक’ने आधी संभाव्य नोंदी निवडून मग त्यांतल्या खऱ्या नोंदी रेग्युलर एक्स्प्रेशनने गाळल्या तर काम आणखी हलके होते.

नोंदी फार असतील तर फुलटेक्स्ट अनुक्रमणिका करावी. ती मुळातच शब्दांवर चालते, पण तिच्यात आखूड शब्दांना प्रवेश नसतो. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणप्रकारात शब्दाची किमान लांबी मूळ मांडणीत ३ चिन्हे आणि मायआयसॅम या दुसऱ्या प्रकारात ४ चिन्हे असते. ‘जत’ दोन चिन्हांचा असल्याने तो अनुक्रमणिकेत येतच नाही, आणि व, काना, ई अशा तीन चिन्हांचा ‘वाई’ मायआयसॅममध्ये गळतो. किमान लांबी २ करून सर्व्हर पुन्हा सुरू करावा आणि अनुक्रमणिका नव्याने बांधावी. नव्याने बांधल्याशिवाय बदल लागू होत नाही.

एसक्यूलाइट या लहान डेटाबेसच्या एफटीएस५ या शोधसोयीत मूळ ‘युनिकोड६१’ टोकनायझर, म्हणजे मजकूर शब्दांत तोडणारा भाग, फक्त अक्षरे आणि अंक शब्दात धरतो, मात्रांवर शब्द तोडतो, आणि ‘वाजता’तून ‘जत’ पुन्हा सुटा करतो. त्याच्या ‘कॅटेगरीज’ या पर्यायात मार्कचे वर्ग जोडून द्यावेत. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेचा ‘स्टँडर्ड’ टोकनायझर युनिकोडच्या शब्दविभाजनाच्या नियमांनुसार चालतो, त्यामुळे मात्रांचा प्रश्न तिथे येत नाही. मात्र मराठी मजकुराला हिंदीचा स्टेमर, म्हणजे प्रत्यय छाटणारा भाग, लावू नये. त्यातले प्रत्यय हिंदीचे आहेत.

पूर्ण शब्द, पण मराठीतला

येथवरचे सगळे नीट केले आणि शोध पुन्हा चालू केला, तेव्हा त्या शिक्षकांनी कळवले की आता ‘वाजता’ येत नाही, पण ‘जतमध्ये ग्रंथप्रदर्शन’ ही सूचनाही येत नाही. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. गावाचे नाव एकटे, प्रत्ययाशिवाय, वाक्यात क्वचितच येते. बहुतेक वेळा ते ‘जतला’, ‘जतचे’, ‘जतहून’ असेच येते. काटेकोर पूर्ण शब्दाचा शोध मराठीत म्हणूनच अपुरा पडतो, आणि या कामातला खरा विचार येथून सुरू होतो.

मी केलेली मांडणी अशी आहे. शोधशब्दापुढे लगेच सीमा असावी, किंवा ठरलेल्या यादीतला एक प्रत्यय आणि मग सीमा असावी. यादीत ला, ने, शी, त, चा, ची, चे, च्या, हून हे प्रत्यय आणि मध्ये, मधील, मधून, वर, साठी, पासून, पर्यंत, कडे, कडून, मुळे, जवळ ही अव्यये घेतली आहेत. ‘जतमध्येही’, ‘जतलाच’ यांसाठी शेवटी ही किंवा च याला जागा ठेवली आहे. ‘जतन’मधला न यादीत नाही आणि ‘वाईट’मधला ट प्रत्यय नाही, त्यामुळे ते बाहेरच राहतात. ‘सांगली’ शोधताना ‘सांगलीत’ येते आणि ‘सांगलीवाडी’ येत नाही, कारण वाडी हा प्रत्यय नाही आणि सांगलीवाडी हे कृष्णेपलीकडचे वेगळे ठिकाण आहे.

ही यादी सगळ्या शब्दांना सारखी लावू नये. गावांच्या नावांना ती चांगली बसते, पण ‘कर’ या शब्दाला ला जोडला की पालिकेच्या कराला असा अर्थ होतो आणि ते जोडला की ‘करते’ हे क्रियापद होते. म्हणून ते, ता, ना, स असे प्रत्यय मी यादीतून मुद्दाम वगळले आहेत. थोड्या खऱ्या नोंदी सुटल्या तरी चालतील, खोट्या नोंदींनी पान भरू नये, असे माझे मत आहे.

त्यानंतर सामान्यरूपाचा, म्हणजे प्रत्यय लागताना बदलणाऱ्या शब्दरूपाचा, प्रश्न येतो. शिराळा म्हटले की ‘शिराळ्यात’, विटा म्हटले की ‘विट्याला’, वाळवा म्हटले की ‘वाळव्यातून’, आणि सातारा म्हटले की ‘साताऱ्याहून’. शेवटचा काना काढून त्या जागी ‘्या’ लावावा आणि आधी र असेल तर त्याचा ऱ करावा, असा नियम सहज लिहिता येतो आणि आकारान्त गावांना तो लागू पडतो. पण हाच नियम ‘राजा’ला लावला की ‘राज्यात’ जुळू लागते, जे राजाचे नसून राज्याचे रूप आहे. अकारान्त स्त्रीलिंगी शब्दांत तर नियमच हाती लागत नाही: मिरजचे ‘मिरजेत’ होते, हळदचे ‘हळदीला’ होते, आणि कोणत्या शब्दाला ए लागेल व कोणत्याला ई, हे केवळ शब्दाकडे पाहून यंत्राला ठरवता येत नाही.

म्हणून मी नियमांच्या मागे फार लागलो नाही आणि हाताने तक्ता केला. एका रकान्यात मूळ शब्द, दुसऱ्यात त्याची सामान्यरूपे. सांगली जिल्ह्याचे दहा तालुके, आसपासच्या गावांची नावे, आणि त्या संकेतस्थळावर वारंवार येणारे हळद, बेदाणा, द्राक्ष, शेतकरी, ग्रंथ, सभा असे शब्द घेतले. ‘बेदाणा’पुढे बेदाणे, बेदाण्या आणि बेदाण्यां ही रूपे आहेत; ‘शेतकरी’पुढे शेतकऱ्या आणि शेतकऱ्यां. अनेकवचनी सामान्यरूपापुढे ना आणि नी हे प्रत्ययही घ्यावे लागतात, म्हणजे ‘शेतकऱ्यांना’ सुटत नाही. तक्त्यात नसलेला शब्द आला तर फक्त मूळ रूप आणि प्रत्ययांची यादी वापरली जाते. वाचकांनी काय शोधले आणि काहीच सापडले नाही, याची नोंद ठेवली की तक्त्यात पुढे काय घालायचे ते आपोआप कळते. ज्याला मराठी चांगली येते अशी कोणीही व्यक्ती हा तक्ता वाढवू शकते, त्यासाठी प्रोग्रामिंग येण्याची गरज नाही, आणि मला ही या रीतीची सर्वांत मोलाची बाजू वाटते.

निकालांचा क्रम लावताना नेमका मूळ शब्द असलेल्या नोंदी वर आणि प्रत्यय लागलेल्या नोंदी त्यांच्याखाली ठेवाव्यात. शोधचौकटीजवळ ‘फक्त नेमका शब्द’ असा पर्याय द्यावा, पण तो आधीपासून निवडलेला नसावा. एक मर्यादा मात्र कोणत्याही सीमेने सुटत नाही: ‘विटा’ हे खानापूर तालुक्याचे मुख्य ठिकाणही आहे आणि भट्टीतल्या विटाही. तिथे नोंदीला तालुक्याचे वेगळे खूणपत्र जोडून त्यावरून गाळण्याची सोय करावी.

निकालात सापडलेला शब्द पिवळ्या रंगात दाखवण्याचे काम बहुधा ब्राउझरमधला वेगळा प्रोग्राम करतो, आणि तो जुन्याच पद्धतीने अक्षरे जुळवत राहतो. शोध दुरुस्त झालेला असतो, पण ‘जत’च्या सूचनेत ‘वाजता’चा मधला भागही पिवळा दिसतो आणि वाचकाला वाटते की काही बदललेच नाही. म्हणून सीमेच्या अटी, प्रत्ययांची यादी आणि सामान्यरूपांचा तक्ता एकाच ठिकाणी ठेवून शोध आणि रंग या दोन्हींनी तिथूनच घ्यावा. काम संपल्यावर ‘जत,’, ‘(जत)’, ‘‘जत’’, ‘जत-सांगली’, ‘जत/आटपाडी’ आणि ‘जतमध्येही’ हे सहा जुळतात आणि ‘वाजता’, ‘जतन’, ‘रजत’ हे तीन जुळत नाहीत, एवढी चाचणी कायमची लिहून ठेवावी, आणि प्रत्ययांच्या यादीत किंवा तक्त्यात काहीही वाढवले की ती पुन्हा चालवावी.